घरात एक कुत्रं असताना दुसरं आलं तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

आमची राणी ८ वर्षांची. पिल्लू होती तेव्हापासून आमच्याकडे आहे आणि घरात एकटीच वाढली. येत्या शनिवारी आम्ही ४ वर्षांचा एक नर दत्तक आणतोय. नाव मोती. गेले ५ महिने तो निवाऱ्यात आहे. पिल्लू असतं तर मला एवढी धास्ती वाटली नसती, पण हा मोठा आहे, स्वतःच्या सवयी घेऊन येणार. निवाऱ्यातली माणसं सांगतात की तो इतर कुत्र्यांशी नीट वागतो. राणीबद्दल मात्र मला तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. रस्त्यात दुसरं कुत्रं दिसलं की ती ताठ होते. ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी पहिला दिवस, पहिला आठवडा कसा गेला ते लिहा. काय फसलं तेही लिहा, मला ते जास्त हवं आहे.

*

आमचा शेरू तेव्हा ६ वर्षांचा होता आणि बंड्या ३ वर्षांचा. पहिली भेट घरात होऊ द्यायची नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. दोघांनाही परकं असलेलं मोकळं मैदान शोधलं. शेरू माझ्याकडे, बंड्या नवऱ्याकडे. मध्ये २० पावलांचं अंतर ठेवून आम्ही एकाच दिशेने नुसते चालत राहिलो. समोरासमोर आणलंच नाही. नाकासमोर सरळ चालून येणं कुत्र्यांना दमदाटीसारखं वाटतं. ज्याला ओळख करून घ्यायची असते तो वळसा घालून बाजूने येतो.

पहिली १० मिनिटं शेरूची नजर बंड्यावरून हलत नव्हती. मग तो एका झुडपापाशी थांबून जमीन हुंगायला लागला आणि माझा जीव भांड्यात पडला. आजूबाजूचा वास घ्यायचं सुचतंय म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. त्यानंतर हळूहळू अंतर कमी करत गेलो. बंड्या जिथे मुतला तिथे शेरूने बराच वेळ नाक खुपसलं, मग त्यावर स्वतः मुतला. त्यांची खरी ओळख तिथेच झाली असं मला वाटतं.

पाऊण तासाने जवळ येऊ दिलं, पण पट्टा सैल ठेवून. हे फार महत्त्वाचं आहे. पट्टा खेचून धरला की कुत्र्याची मान वर होते, छाती पुढे येते, आणि समोरच्याला वाटतं हा आता अंगावर येणार. दोघांनी एकमेकांचा मागून वास घेतला, मी मनात ३ पर्यंत मोजलं आणि ‘चल शेरू’ म्हणत बाजूला वळले. थोडं चालून पुन्हा तसंच. लांबलेली भेट बिघडते, म्हणून ती बरी चालली असतानाच संपवायची.

घरातली भांडी, खेळणी, हाडं, शेरूचं अंथरूण सगळं आधीच उचलून ठेवलं होतं. आत बंड्याला आधी नेलं आणि शेरूला मागून. शेरू आधी आत असता तर त्याने उंबरठाच अडवला असता.

*

शनिवारला अजून वेळ आहे ना? मग राणीची न धुतलेली चादर मोतीकडे पाठवा आणि त्याची तिच्यासाठी मागवून घ्या. नाकाची ओळख आधी झाली की डोळ्यांना धक्का कमी बसतो. चादर राणीच्या तोंडासमोर धरू नका. कोपऱ्यात टाकून ठेवा, तिला वाटेल तेव्हा ती जाईल.

*

मी माझी चूक सविस्तर लिहिते, कारण ती अनेक प्रेमळ घरांमध्ये होते.

माझ्या दोघी माद्या, दोघी ५ वर्षांच्या. पहिले दोन आठवडे जुनी काळी नव्या सोनीवर गुरगुरायची. भांड्यापाशी, सोफ्यापाशी, माझ्या पायापाशी. प्रत्येक वेळी मी काळीला दटावलं. तिसऱ्या आठवड्यात गुरगुर थांबली आणि मी खूश झाले. चार दिवसांनी सोनी सोफ्याजवळून जात असताना काळीने एकदम तिचा कान धरला. मी काळीचा गळपट्टा पकडायला गेले आणि दातांखाली माझं मनगट आलं. तिला मला चावायचं नव्हतं. त्या क्षणी जे मध्ये येईल ते तोंडात जातं.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की गुरगुर म्हणजे ‘जवळ येऊ नकोस’ असं सांगणं आहे. मी तिचं सांगणं बंद केलं, भीती तशीच राहिली. मग सांगितल्याशिवाय चावणं तेवढं उरलं. आता कुणी गुरगुरलं की मी दुसरीला हाक मारून लांब नेते आणि पहिलीला कशाचा त्रास होत होता ते शोधते. भांडण जुंपलंच तर हात घालू नका. मोठा आवाज करा, पाणी टाका, मध्ये खुर्ची किंवा जाड चादर सारा.

‘त्यांचं त्यांना ठरवू द्या, एक मोठी झाली की शांत होतील’ हा सल्ला मलाही मिळाला होता. कळपाच्या म्होरक्याची ही कल्पना १९४७ मधल्या एका अभ्यासातून पसरली. तो बंदिस्त जागेतल्या लांडग्यांचा होता. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये रानातल्या लांडग्यांवरून दाखवलं की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. माझ्या घरात कोण मोठी हा प्रश्न नव्हताच. काळीला तिची जागा जाईल अशी भीती होती. आम्ही दोघींना वेगळं करून जाळीच्या दारापासून पुन्हा सुरुवात केली. ६ आठवडे लागले. आज त्या एका खोलीत झोपतात, पण जेवण अजूनही वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून.

*

वरच्या ताईंनी जेवणाबद्दल लिहिलं ते अगदी खरं. आमच्याकडे ४ वर्षं झाली तरी दोघांची भांडी एकत्र ठेवत नाही. कशाला परीक्षा घ्यायची त्यांची?

*

मी घर मिळेपर्यंत कुत्री सांभाळतो. आजवर अनेक आली-गेली, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

निवाऱ्यातून आलेल्या कुत्र्याची आधी तपासणी करून घ्या. लसी, जंताचं औषध, गोचिडी. कुत्र्यांमधल्या संसर्गजन्य खोकल्याची लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागू शकतात. म्हणून पहिले दोन आठवडे मी नव्याला वेगळ्या खोलीतच ठेवतो. एरवीही हा काळ उपयोगी पडतो. दाराखालून वास येतो, आवाज कळतात, आणि नवा पोटभर झोपतो. निवाऱ्यातून आलेली कुत्री किती दमलेली असतात हे झोपताना कळतं. ३ दिवस भांबावलेली, ३ आठवड्यांत घराची लय कळलेली, ३ महिन्यांत घर आपलं वाटायला लागलेलं, असा आमचा ठोकताळा आहे. ‘पहिल्या आठवड्यात किती शहाणा होता!’ असं लोक म्हणतात तेव्हा तो बहुतेकदा शहाणा नसतो, गप्प असतो.

दुसरी गोष्ट शेपटीची. शेपूट हलली म्हणजे खूश, असं समजू नका. उंच, ताठ आणि नुसतं टोक थरथरणारी शेपूट दिसली की अंतर वाढवा. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांना आढळलं की मालक दिसल्यावर शेपूट उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी, दांडगं कुत्रं दिसल्यावर डावीकडे. घरात हे टिपणं कठीण आहे. मी सगळं अंग बघतो. अंग सैल, तोंड किंचित उघडं, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर, तर खेळायचं आहे. तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, जांभया, सारखी ओठांवरून जीभ, तर नको आहे. आणि एकदम पुतळ्यासारखं स्तब्ध झालं तर वाट बघत बसू नका, हाक मारा.

*

फसलेला प्रयत्न विचारलात म्हणून लिहितो. आमचा म्हातारा १२ वर्षांचा, नवा दीड वर्षांचा, दांडगा आणि अतिशय गोड. मैदानात भेट छान झाली. घरात मात्र तो दिवसभर म्हाताऱ्याच्या अंगावर उड्या मारायचा. म्हातारा आधी ओरडला, मग पलंगाखाली जाऊन राहिला, मग जेवायचा थांबला. तपासल्यावर कळलं की त्याचे मागचे सांधे दुखत होते. औषधं सुरू केली, जाळी लावली, नव्याला फिरवून दमवलं, तीन महिने सगळं केलं. म्हातारा पलंगाखालून फार थोडा बाहेर आला. शेवटी नव्याला अशा घरी दिलं जिथे त्याच्याच वयाची एक कुत्री होती. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी मी खूप रडलो. त्याच संध्याकाळी म्हातारा दारापर्यंत चालत आला. आपल्या घरातल्या वयस्कर कुत्र्याला आधी डॉक्टरांना दाखवा, दुसरं आणायचा विचार त्यानंतर करा.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. राणीला शुक्रवारी दाखवून आणलं, सांधे ठीक आहेत. चादरी बदलल्या. मोतीच्या चादरीपाशी ती पहिल्या रात्री गेलीच नाही, दुसऱ्या रात्री तिच्यावर झोपली. शनिवारी घरी येण्याआधी दोघं ४० मिनिटं मैदानात लांबून चालली. मोतीला वेगळी खोली दिली आहे, दाराला जाळी आणि त्यावर चादर.

तिसऱ्या दिवशी जाळीपाशी राणी गुरगुरली. माझ्या तोंडावर ‘ए!’ आलंच होतं, पण काळीची आठवण झाली. मी मोतीला हाक मारून आत नेलं. आठव्या दिवसापासून चादर थोडी थोडी वर गुंडाळतेय.

आज ११वा दिवस. दुपारी राणी जाळीला पाठ टेकून झोपली होती आणि पलीकडून मोती तिच्या पाठीला पाठ लावून. मी दार उघडलं नाही. दोघांचा वेग अजून त्यांनाच ठरवू देते आहे.