मदत हवी आहे: मुंबई ते राजपुरी, बोटीमागे रबरी डिंगी ओढून न्यायची आहे

शिडवाला:

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटी आम्ही घरचे चौघे आमच्या २८ फुटी शिडाच्या बोटीने मुंबई बंदरातून निघून मुरूडला, खरं तर राजपुरीच्या खाडीत, जाणार आहोत. दोन रात्री नांगरावर राहून परत. बोटीत आतलं डिझेल इंजिन आहे, चाल पाच ते साडेपाच नॉट (ताशी सागरी मैल). सोबत हवा भरायची २.७ मीटरची रबरी डिंगी, म्हणजे छोटी होडी. तिला मागे लाकडी फळी आहे आणि फळीवर ४ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून अडकवायचं इंजिन. सासरे सत्तरी पार केलेले, त्यांना किनाऱ्यावर सुखरूप उतरवायचं तर डिंगीशिवाय चालणार नाही.

बंदराच्या आत डिंगी मागे बांधून फिरणं आमच्या सवयीचं आहे. खांदेरीच्या पुढे उघड्या समुद्रात मात्र ती कधी ओढलेली नाही. अंतर साधारण ४० सागरी मैल, म्हणजे दुपारचा वायव्येचा खारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, वारा वाटेत गाठणारच. दक्षिणेला जाताना तो उजव्या अंगाने मागून येईल. त्या वाऱ्यात बोट मस्त चालते, मला काळजी आहे ती मागच्या डिंगीची.

परवा मांडव्यापाशी एका बोटीमागे जे पाहिलं ते डोळ्यांसमोरून हलत नाही. मागून लाट आली की डिंगी तिच्यावर चढून सुसाट पुढे यायची, दोर ढिला पडून पाण्यात जायचा आणि डिंगीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बोटीच्या पाठीवर आपटायची. मग ती मागे पडायची आणि दोर ताडकन ताणून त्यातलं पाणी फवाऱ्यासारखं उडायचं. थोड्या वेळाने त्यांनी ती जवळ ओढली तेव्हा दिसलं, रबरावर चिकटवलेल्या कडीच्या गोल पट्टीची एक कड सुटून वर आली होती.

तर दोर किती लांब ठेवायचा, कसला घ्यायचा आणि डिंगीला कुठे बांधायचा? आउटबोर्ड फळीवर राहू दिलं तर चालेल का? तळाचं बूच उघडं ठेवावं की बंद? शिवाय अलिबागपासून खाली डोल जाळी (समुद्रात एका जागी रोवून ठेवलेली) बरीच असतात, दोर त्यात किंवा आमच्याच इंजिनाच्या पंख्यात गेला तर काय, ही भीती आहेच. ज्यांनी हा किनारा डिंगी घेऊन केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मतलई:

आउटबोर्ड आधी उतरवा. बाकी सगळं नंतर. मागच्या फळीवर २०-२५ किलो वजन असलं की डिंगीचं बूड दबतं, नाळ वर उचलते आणि त्या उचललेल्या नाळेखाली वारा शिरला की ती पालथी होते. पालथ्या डिंगीसोबत इंजिनही खाऱ्या पाण्यात जातं. बोटीच्या मागच्या कठड्याला लाकडी ठोकळा बसवून त्यावर ते घट्ट अडकवा, वर एक जादा दोरीही बांधा. वल्ही, पेट्रोलची टाकी, बसायची फळी, सगळं बोटीवर घ्या. डिंगी रिकामी हवी. आणि ओढत असताना तिच्यात कुणीही बसायचं नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

दोर वरच्या उचलायच्या कडीला कधीच बांधू नका, ती कडी डिंगी उचलण्यापुरती असते. नाळेच्या दोन्ही बाजूंना खाली पाण्यालगत ज्या कड्या असतात त्या दोन्हींना मिळून एक आखूड दोर इंग्रजी व्हीसारखा लावा आणि मुख्य दोर त्याच्या टोकाला बांधा. ओढ खालून लागली की नाळ आपोआप उचलून राहते, आणि ताण दोन पट्ट्यांत वाटला जातो. तुम्ही पाहिलेली सुटलेली कड बहुधा एकाच कडीवर सगळा झटका गेल्याने आली असेल. बोटीच्या बाजूलाही तसंच करा, डाव्या-उजव्या दोन्ही क्लीटवरून (दोर अडकवायच्या खुंट्या) दोर आणून मध्ये जोडा, म्हणजे डिंगी सरळ मागे राहील. याशिवाय एक वेगळा जीवरक्षक दोर वेगळ्या कडीला, थोडा ढिला. मुख्य दोर तुटला तर तो धरेल.

आता लांबी. एकच आकडा सांगता येत नाही, कारण ती बोटीच्या वेगावर ठरते. बोट चालताना मागे ज्या आडव्या लाटा उठतात, त्यांतलं अंतर ५ नॉटला सव्वाचार मीटरच्या आसपास असतं, साडेपाचला पाच मीटरच्या थोडं वर जातं. शांत पाण्यात डिंगी दुसऱ्या किंवा तिसऱ्या लाटेच्या, बोटीकडे तोंड असलेल्या उतारावर थोडीशीच आलेली हवी. माथ्याच्या मागे राहिली तर ती सतत चढ चढत राहते आणि ओढ वाढते. फार पुढे आली तर दोर ढिला पडतो. दोर हातात धरून थोडा सोडत-घेत बघा, ओढ हलकी झाल्याचं हाताला लगेच कळतं. वेग बदलला की पुन्हा जुळवायचं.

मागून मोठी लाट यायला लागली की हा हिशेब सोडून द्या. मग दोर लांब करा, १५ मीटर तरी, आणि शक्य तितकं असं जुळवा की बोट आणि डिंगी दोन्ही एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर आणि एकाच वेळी खळग्यात असतील. तरीही ती धावून येत असेल तर डिंगीच्या मागच्या फळीला १० मीटर लांबीच्या जाड दोराचा फास करून पाण्यात सोडा. तो मागे घासत राहतो आणि तिला उधळू देत नाही.

बूच बंदच ठेवा. पाच नॉटला तुमची डिंगी पाण्यावर उचलून पळणार नाही, उघड्या भोकातून पाणी आतच येईल. ३०० लीटर पाणी साचलं तरी ३०० किलोच्या वर वजन झालं, ते त्या चिकटवलेल्या कड्यांना पेलणार नाही. डिंगीकडे दर अर्ध्या तासाने नजर टाका आणि पाणी दिसलं तर थांबून उपसा.

एक बारीक गोष्ट. डिंगीत हवा सकाळच्या उन्हात घट्ट भरली तरी पाण्यात गेल्यावर नळ्या थंड होऊन मऊ पडतात. मऊ नळीवर कडीची पट्टी सोलून निघायला वेळ लागत नाही. निघाल्यावर तासाभराने पंपाचे चार दट्टे मारून घ्या.

खाडीकाठ:

आमचं घर रायगडातलं, घरी मासेमारी. मतलई यांनी डिंगीचं नीट सांगितलंय, मी पाण्याचं सांगतो.

तुमचा सगळ्यात वाईट तास उघड्या समुद्रात नसेल, खाडीच्या तोंडाशी असेल. दुपारी वारा वायव्येचा, म्हणजे खाडीत शिरणारा. त्याच वेळी ओहोटी चालू असेल तर पाणी बाहेर येत असतं. वारा आणि पाणी समोरासमोर भिडले की लाट उंच, आखूड आणि उभी होते. अशा लाटेत मागची डिंगी हमखास उधळते. त्यामुळे दिवस निवडताना कॅलेंडरवर सुटी बघायच्या आधी तिथी बघा.

आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमा-अमावस्येला १५ चे पाऊण म्हणजे सव्वाअकरा, म्हणजे दुपारभर ओहोटी, तीही उधाणाची, जोराची. नेमका तेव्हाच खारा वारा भरात. अष्टमीला ८ चे पाऊण सहा. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराच्या सुमाराला सुकती, म्हणजे ओहोटी, संपते आणि मग संध्याकाळपर्यंत पाणी खाडीत शिरतं, वाऱ्याच्याच दिशेने. शिवाय भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, त्यामुळे ओढही कमी. अष्टमीच्या मागेपुढे जा. हा हिशेब ठोकळ आहे, त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक सोबत ठेवाच.

दुसरं, मुंबई बंदरातून एका दमात येऊ नका. आदल्या संध्याकाळी मांडव्याला नांगर टाका. तिथून राजपुरी ३२-३३ मैल. सकाळी साडेसहाला उजाडताना निघालात तर पहिले चार-पाच तास मतलई वारा जमिनीवरून येतो, पाणी सपाट असतं, डिंगी गुमान मागे येते. एकच्या सुमाराला तुम्ही खाडीच्या तोंडाशी, भरती नुकती लागलेली. काळोखात निघून लवकर पोचण्याचा मोह होईल, तो करू नका. डोलीचे बोये आणि पिंपं अंधारात दिसत नाहीत. बोट त्यांच्या बाजूने निसटते, पण मागची डिंगी आणि दोर वळणावर आतून जातात आणि अडकतात. जाळ्याचं नुकसान झालं तर त्या घराचा हंगाम जातो, हेही मनात असू द्या. बोया दिसला की वळण लांबूनच आणि मोठं घ्या.

शिडवाला:

दोघांचेही मनापासून आभार. तिथीचा हिशेब आजोबांकडून ऐकला होता, पण डिंगीसाठी तो असा उपयोगी पडेल हे डोक्यात आलं नव्हतं. अष्टमी पकडतो आणि मांडव्याला मुक्काम नक्की.

अजून दोन शंका. काही जण डिंगीची नाळ बोटीच्या पाठीवर उचलून घट्ट बांधतात, फक्त मागचा भाग पाण्यात राहतो. ते बरं का? आणि दोर पाण्यावर तरंगणारा घेऊ की नायलॉनचा?

मतलई:

नाळ उचलून बांधणं जोरदार वाऱ्यात, पण सपाट पाण्यात चांगलं, कारण डिंगीखाली वारा शिरत नाही आणि ती उलटत नाही. मागून लाट असताना ते नको, प्रत्येक लाटेला ती बोटीच्या पाठीवर धडका देईल. तुमच्या प्रवासात सकाळच्या टप्प्यात करून बघायला हरकत नाही.

दोर नायलॉनचा घ्या, १० किंवा १२ मिलिमीटर. तो ताणला जातो आणि झटका गिळतो. तरंगणारा पॉलिप्रॉपिलीन पंख्यापासून लांब राहतो हे खरं, पण तो फारसा ताणला जात नाही आणि उन्हात तो लवकर कडक होऊन तुटायला लागतो. नायलॉन बुडतो, म्हणून त्यात दर मीटर-दीड मीटरवर जाळ्याचे छोटे बोये ओवा. कुठल्याही कोळीवाड्याजवळच्या दुकानात मिळतात. क्लीटपाशी दोर घासतो तिथे रबरी पाइपचा तुकडा चढवा.

नांगर टाकण्याआधी, रिव्हर्स घेण्याआधी, धक्क्याला लागण्याआधी डिंगी जवळ ओढून बोटीच्या अंगाला बांधायची. हे काम आधीच एका माणसाला नेमून द्या आणि त्याने "डिंगी बांधली" असं मोठ्याने सांगितल्याशिवाय सुकाणूवरच्याने गिअर मागे टाकायचा नाही. दोर कापायला सुरी हाताशी असू द्या.

दीपस्तंभ:

थोडं राहिलेलं सांगतो. काही कारणाने अंधार पडला तर मागच्या डिंगीचं अस्तित्व दिसलंच पाहिजे. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला २४ वा नियम ओढल्या जाणाऱ्या वस्तूला दिवे मागतो, आणि ते शक्य नसेल तर निदान ती तिथे आहे हे कळेल अशी व्यवस्था. डिंगीवर एक पाणीरोधक पांढरा दिवा बांधा. राजपुरीत दिघीला येणारी मोठी जहाजं आणि आगरदांडा-दिघी फेरी आहे, त्यांच्या वाटेत काळी रबरी डिंगी कुणालाही दिसणार नाही.

दुसरी गोष्ट आपल्या किनाऱ्यापुरती. डिंगीवर बोटीचं नाव आणि तुमचा नंबर पक्क्या रंगाने लिहा. २६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेकी कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले ते रबरी डिंगीतूनच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला एक बेवारस नौका लागली, तिच्यात एके-४७ सापडल्या आणि राज्यभर नाकाबंदी झाली. पुढे कळलं की ओमानच्या बाजूला खलाशांना वाचवल्यावर ती भरकटत इथवर आली होती. तुमची रिकामी डिंगी सुटून श्रीवर्धनच्या पुळणीवर लागली तर पोलीस आणि तटरक्षक दल दोघेही धावतील, आणि कुणी बुडालं समजून शोधही सुरू होईल. सुटली तर लगेच व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर कळवा.

शिडवाला:

धन्यवाद, नाव-नंबर आजच रंगवतो. येताना वारा तोंडावर असेल, तेव्हाही डिंगी अशीच मागे ठेवायची का?

खाडीकाठ:

नाही. येताना सासऱ्यांना उतरवायचं काम उरलेलं नसतं, तर हवा काढून, गुंडाळून पुढच्या डेकवर बांधून टाका. तोंडावरच्या लाटेत ती ओढत नेली तर बोटीची चाल जाते आणि दोराला सतत झटके. राजपुरीतून उजाडताच निघा, मतलईवर रेवदंड्यापर्यंत याल. पुढे वारा फारच चढला तर कोर्लईच्या आडोशाला नांगर टाका आणि उरलेला पल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी मारा.