मदत हवी आहे: निंफसाठी घरचा स्ट्राइक इंडिकेटर बुडतोय

मंडळी, मी इंदूरचा. मार्चमध्ये हिमाचलात ट्राउटचा सीझन उघडला की तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंगला (नकली माशी लावून मासेमारी) जायचंय, परमिट तिथेच काढू. निंफ (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखा बनवलेला नकली गळ) पाण्याखाली वाहत जाते आणि मासा इतका हलका धरतो की हाताला काही कळत नाही, म्हणून लीडरवर (दोरीच्या टोकाचा बारीक धागा) इंडिकेटर हवा, म्हणजे मासा लागला की हलून दाखवणारा छोटा तरंगता. विकतचे महाग वाटले तर म्हटलं घरीच करू.

पहिले थर्माकोलचा मणी घेतला, दिसावा म्हणून बायकोची नारंगी नेलपॉलिश लावली आणि मणी डोळ्यादेखत विरघळला की हो! बायको अजून हसतेय. (पॉलिश गेली त्याचं वेगळं ऐकलं.) मग आईच्या स्वेटरची उरलेली लोकर गाठ मारून बांधली, कंगव्याने पिंजली, गच्चीवरच्या टाकीत सोडली तर आधी छान तरंगली, पण पाचेक मिनिटांत पाणी पिऊन खाली, आणि निंफला पितळी मणी असेल तर त्याआधीच. व्हॅसलिन चोळून थोडं जमतं पण लोकरीचा चिकट गोळा होतो.

आता प्लॅस्टिकच्या दोरीचे धागे सुटे करून बघू का? पॉलीप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं ना, पण ते धागे फार कडक वाटतात, कास्ट करताना (दोरी फेकताना) वारा धरतील का? दुसरं म्हणजे इंडिकेटर निंफपासून पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर बांधायचा म्हणतात, मग खोली बदलली की सरकवायला हवा, पण माझ्या गाठीने लीडरला वळ पडतो. गाठीऐवजी सायकलच्या वॉल्व ट्यूबचा (बारीक रबरी नळी) तुकडा चालेल का? कोणी करून बघितलंय?