मदत हवी आहे: गावच्या तलावाची पाळ पाझरतेय

नमस्कार मंडळी. मी इंदूरची. काकांची शेती महू तहसिलीत, गावच्या जुन्या तलावाखाली आहे. मातीची पाळ, उंची जेमतेम दोन पुरुष. पाळीच्या पायथ्याशी पूर्वीपासून थोडी ओल असायची, पण ते पाणी नितळ होतं. यंदा एका जागी झऱ्यासारखं वाहतंय आणि गढूळ आहे. म्हणजे पाण्याबरोबर आतली माती निघतेय, मला खरी भीती तीच वाटते. भरीला पाळीवर बाभळी माजल्यात, घुशींची बिळं आहेत, सांडव्यात गाळ आणि झुडपं.

पाळीखालीच पाच-सहा घरं आहेत, लहान मुलं आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात कारम धरण गळू लागलं, तेव्हा गावं रिकामी करून बाजूने चर खोदून पाणी सोडावं लागलं होतं. २०१९ ला कोकणात तिवरे धरण फुटलं ते तर रात्री.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांसाठी आहे (१० ते १५ मीटरची काही अटींवर). आमचा तलाव त्यात बसतच नाही. मग तपासणी कोणाकडे मागायची, ग्रामपंचायत, जनपद (तालुका पातळीवरची पंचायत) की जलसंसाधन खातं? मंगळवारच्या जनसुनवाईत (सरकारी कचेरीतल्या तक्रार-सुनावणीत) अर्ज देणार आहोत, १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवरही तक्रार करू.

गावकरी पाझराच्या तोंडावर चिकणमाती थापायची म्हणतायत. माझ्या वाचनाप्रमाणे ते घातक. पाणी दुसरीकडून फुटतं. वाळू-खडीचा गाळणी थर द्यावा म्हणतात, पण किती जाड, आणि खाली वाळू की खडी? बाभळी आत्ता तोडाव्यात का पाणी उतरल्यावर? ग्रुपमध्ये कोणी पाटबंधाऱ्यातले निवृत्त इंजिनिअर असतील तर कृपया एकदा येऊन बघाल का? ने-आण आम्ही करू.