उ: काही विकत न घेता निघायचं म्हणजे ऑकवर्ड होतं

वर कोणीतरी म्हटलंय ना की कलाकाराच्या स्टुडिओत शिरलं आणि काहीच न घेता निघालं की ओशाळल्यासारखं होतं, अगदी अगदी! पण मला सावंतवाडीच्या राजवाड्यात तसं वाटलं नाही. तिथे दरबार हॉलमध्येच कारागीर खाली बसून गंजिफा (म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते) रंगवत असतात, आपण शेजारी उभं राहून निवांत बघायचं. दशावतारी संचात १२० गोल पत्ते, १० अवतारांचे प्रत्येकी १२, आणि सगळं हाताने, मग किंमत ऐकून "बापरे" म्हणायची हिंमतच होत नाही (मी शेवटी संच सोडून नुसते बुकमार्क घेतले, असो). जवळच चितार आळीत लाकडी खेळणी मिळतात.

तिकडे गेलातच तर कुडाळजवळ पिंगुळीलाही जा. तिथले लोककलाकार परशुराम गंगावणे, २०२१ चे पद्मश्री, त्यांनी घरच्या गोठ्यात ठाकर आदिवासींच्या लोककलेचं म्युझियम केलंय, चित्रकथीच्या (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) जुन्या पोथ्या, चामड्याच्या आणि कळसूत्री बाहुल्या सगळं आहे. फक्त आधी फोन करा, घरच आहे ते, दुपारी जेवणाच्या वेळेला जाऊन दार वाजवू नका.