युद्धबंदी, शस्त्रसंधी की तहकुबी?

इंदूरला शिकणारा भाचा सुट्टीत आला होता. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, मी सहज म्हणालो, "झाली बाबा एकदाची युद्धबंदी." तर हा विचारतो, "मामा, कोणाला पकडलं?" त्याच्या हिंदी पुस्तकात युद्धबंदी म्हणजे लढाईत पकडलेला सैनिक. पेपर उघडला तर तिथे 'शस्त्रसंधी', मध्येच कुठे 'युद्धविराम'. हे सगळे एकाच गोष्टीचे शब्द आहेत का?

---

भाचा चुकला नाही आणि तुम्हीही नाही. हे 'बंदी' दोन आहेत. नोटबंदी, दारूबंदी, जमावबंदी, कुऱ्हाडबंदी या घराण्यातला 'बंदी' फारसी 'बंद'वरून आला. बंदिवान, बंदिशाळा यांतला बंदी म्हणजे कैदी. हिंदीने युद्धाला दुसरा जोडला, मराठीने बहुतेक वेळा पहिला. लिंगावरून कळतं: लढाई थांबली तर 'ती' युद्धबंदी, सैनिक पकडला तर 'तो'. पण मराठीतही दोन्ही चालतात, आणि मग घोटाळा होतो. १९७१ चंच बघा. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती, १७ ला पश्चिम आघाडीवर युद्धबंदी, आणि आपल्या ताब्यात सुमारे ९३ हजार युद्धबंदी! पकडलेल्यांना सरळ 'युद्धकैदी' म्हणावं, प्रश्न मिटतो. (तटबंदी आणि चिरेबंदी यांतला बंदी आणखी तिसऱ्याच तऱ्हेचा, तिकडे आत्ता जात नाही.)

'शस्त्रसंधी'बद्दल मात्र माझी तक्रार आहे. आजच्या मराठीत संधी म्हटलं की नोकरीची संधी आठवते, त्यामुळे शस्त्रसंधी ऐकताना शस्त्रांनाच चान्स मिळाल्यासारखं वाटतं. हा विनोद सोडला तरी मूळ अर्थ आड येतोच. कौटिल्याने परराष्ट्रनीतीचे सहा गुण सांगितले, त्यातला पहिला संधी. व्याख्या दोन शब्दांची: 'पणबन्धः संधिः'. पण म्हणजे अटी. अटींनी बांधून घेतलं तर संधी. नुसता गोळीबार थांबला, अटी ठरल्याच नाहीत, तर त्याला संधी कसं म्हणायचं? (त्याच सहांमध्ये 'आसन' आहे, 'उपेक्षणमासनम्': काही न करता बसून राहणं. अर्ध्या जगाचा तणाव या एका शब्दात बसेल.)

१० मे २०२५ ची संध्याकाळ आठवा. भारत-पाकिस्तान लढाई थांबल्याचं ट्रम्प यांनी जे जाहीर केलं त्याचं आपल्या पेपरांत 'शस्त्रसंधी' झालं. परराष्ट्र सचिव मिस्री यांचं निवेदन मात्र जपून केलेलं होतं: संध्याकाळी पाचपासून गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवायची, एवढंच दोन्ही बाजूंच्या लष्करी अधिकाऱ्यांमध्ये ठरलं. १२ तारखेच्या भाषणात पंतप्रधानांचा शब्द होता 'स्थगित'. यातलं काहीच संधी नव्हे.

आपल्याकडे याला नेमका शब्द होता: तहकुबी. पहिल्या महायुद्धावरच्या जुन्या मराठी लिखाणात 'युद्धतहकुबी' भेटते. ११ नोव्हेंबर १९१८ ला झाली ती तहकुबी. तिची मुदत ३६ दिवसांची होती आणि ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. तह झाला २८ जून १९१९ ला, व्हर्सायला. मधल्या काळात तोफा गप्प होत्या, पण जर्मनीची सागरी नाकेबंदी चालूच होती. (घ्या, आणखी एक बंदी.) तहकुबी आणि तह यांमधलं हे अंतर 'शस्त्रसंधी' पुसून टाकतो.

---

पण तहकूब म्हटलं की सोसायटीची सभा आठवते हो! गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी पुन्हा. युद्धाला हा शब्द फार किरकोळ वाटतो. 'युद्धविराम' काय वाईट आहे?

---

वाईट नाही. फक्त विराम स्वल्प की पूर्ण, ते तो सांगत नाही. आणि सभेचं म्हणाल, तर तहकूब सभा पुन्हा भरते, म्हणूनच तर हा शब्द हवा.

---

शब्द बदलला की राजकारण कसं बदलतं याचं घरचंच उदाहरण. १९४९ मध्ये काश्मीरमध्ये आखली ती 'युद्धबंदी रेषा'. जुलै १९७२ च्या सिमला करारात ती 'नियंत्रण रेषा' झाली, १९७१ च्या युद्धानंतर थोडी सरकलीही. युद्धबंदी रेषा म्हटली की देखरेखीला संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक आले. नियंत्रण रेषा ही दोघांमधली बाब, तिसऱ्याचं काम नाही, अशी भारताची भूमिका तेव्हापासून आहे. नाव बदललं ते उगाच नव्हे.

---

तहकुबीची सगळ्यात लांबलेली गोष्ट कोरियाची. २७ जुलै १९५३ ला पानमुनजोमला सह्या झाल्या, पण दक्षिण कोरियाने सही केलीच नाही, आणि तह आजतागायत झालेला नाही. मध्ये चार किलोमीटर रुंदीचा 'निर्लष्करी' पट्टा, आणि त्याच्या दोन्ही काठांना जगातला सगळ्यात दाट लष्करी जमाव. तिथे 'निर्लष्करी' या शब्दाचं काय झालं, तो धागा वेगळा काढायला हवा.

आणि तुमचे दोन्ही 'युद्धबंदी' तिथे एकत्र आले होते, तेही मराठी माणसासमोर. लढाई थांबली, पण २२ हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी मायदेशी परतायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायला भारताने फौज पाठवली, तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू देईनात, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने थेट त्या पट्ट्यात उतरवावं लागलं.

---

आभार! भाच्याला 'युद्धकैदी' सांगितलं, पटलं. 'तहकुबी' सांगितल्यावर त्याने विचारलं, "मग पुढची तारीख कधीची?"