जेराँटॉलॉजी फक्त डॉक्टरांची नाही

जेराँटॉलॉजी म्हणजे म्हातारपणाचा सगळ्या बाजूंनी अभ्यास. ‘बारावीला बायॉलॉजी नसेल तर जेराँटॉलॉजीचा नाद सोडा’ असं कुणी सांगितलं, तर ते मला अजिबात पटत नाही. म्हातारपणचे आजार बघते ती जेरियाट्रिक्स. जेराँटॉलॉजीत पेन्शन, एकटेपण, घराची रचना, आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा असं सगळंच येतं. मी स्वतः समाजशास्त्रातून इकडे आले.

आणि शिकायला मिळतं ते वर्गाबाहेर. आम्हाला एक साधी चाचणी शिकवली होती: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. साधारण १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका अधिक समजतात. फील्डवर्कला गेले तर एका आजींच्या घरात खुर्चीच नव्हती! शेजारून प्लास्टिकची आणली, चाचणी झाली, वेळही चांगली आली. नंतर त्या चहा ठेवायला जमिनीवरून उठल्या, तेव्हा एक हात गुडघ्यावर, दुसरा दाराच्या चौकटीवर. चौकटीचा रंग तेवढ्याच जागी उडाला होता. खरी अडचण तिथे होती आणि माझ्या फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकानाच नव्हता. हे टिपायला बायॉलॉजी लागत नाही, तासभर नीट बसून बघावं लागतं. आवड असेल तर जरूर प्रवेश घ्या.