मुरगाव बंदरात जळालेली बोट: १९४३ ची की १९६१ ची?

सड्याची_नात
आजी ९१ वर्षांची. माहेर-सासर दोन्ही मुरगावच्या सड्यावर, ६२ साली डोंबिवलीत आली. दर डिसेंबरात टीव्हीवर गोवा मुक्तीचं काही लागलं की सुरू होते, "आमच्या बंदरात बोटी जळल्या, मी डोळ्यांनी पाहिल्यात." बाबा म्हणतात, आपल्या नौदलाने पोर्तुगीज युद्धनौका फोडली तीच ही. पण आजीच्या गोष्टीत बोटी तीन-चार आहेत, रात्र आहे, आणि "इंत्रूज चालू होता" हे ती दरवेळी म्हणते. डिसेंबरात कार्निव्हल कुठून आला? कोण चुकतंय?

दर्यावर्दी७१
१९ डिसेंबर १९६१, ऑपरेशन विजय. युद्धनौका एकच, आफोन्सो द आल्बुकेर्क. या वयात गोंधळ होतोच, आजींना फार खोदून विचारू नका.

बार्जवाला
खोदून विचारा! आजी बरोबर आहेत. आणि ७१ भाऊ, तारीख १८. १९ ला शरणागती झाली.

मी तीस वर्षं खनिजाच्या बार्जवर काढली, आधी खलाशी, मग तांडेल. या दोन्ही गोष्टी आमच्याकडे जुनी माणसं सांगत, आणि ऐकणारे त्यांची हमखास खिचडी करत.

इंत्रुजाची रात म्हणजे ९ मार्च १९४३. महायुद्ध पेटल्यावर जर्मनीच्या तीन मालवाहू बोटी, एरनफेल्स, द्राखनफेल्स, ब्राउनफेल्स, आणि इटलीची आन्फोरा मुरगावात येऊन बसल्या होत्या. पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे ब्रिटिशांना उघड हात लावता येईना. एरनफेल्सवरून पाणबुड्यांना बिनतारी खबरा जातात असा त्यांचा संशय. मग पाठवलं कोणाला? कलकत्त्याच्या हौशी घोडदळातले ज्यूट-चहाच्या कंपन्यांतले मध्यमवयीन साहेब! बोट कसली, तर गाळ वाहायचं फीबी नावाचं बार्ज. (आमच्या जातीच्या बोटीला इतिहासात एवढाच काय तो मान.) फीबी कलकत्त्याहून वळसा घालून आली, साहेब आगगाडीने कोचीनला जाऊन तिच्यावर चढले. त्या वर्षी इंत्रुजाचा शेवटचा दिवस ९ मार्चच. रात्री एरनफेल्सवर चढाई झाली, तिचा कप्तान मारला गेला, आणि जर्मनांनीच बोट बुडवायला काढली. ते बघून बाकी तिघांनीही आपापल्या बोटींना आग लावली. म्हणजे बोटी चार, आणि युद्धनौका एकही नाही.

१९६१ चं सगळं वेगळं. भर दुपारी आपल्या नौदलाच्या बेटवा आणि बियास या युद्धनौका बंदराच्या तोंडाशी आल्या. आल्बुकेर्क १९३४ साली पाण्यात उतरलेली, तोफा हाताने भरायच्या. आपल्या दोघी जेमतेम वर्ष-दीड वर्षाच्या, नेम धरायला रडार. गंमत अशी, की तिघीही इंग्लंडात एकाच टाइन नदीकाठी बांधलेल्या. आल्बुकेर्कचे कप्तान आरागांव जबर जखमी झाले, तेव्हा खलाशांनी बोट पलीकडे नेऊन बांबोळीच्या किनाऱ्यावर चढवली. झुआरीतून खाली येताना उजव्या हाताला ती जागा लागते. माझा पहिला तांडेल पोरगा असताना ती रुतलेली बोट बघायला रोज जायचा. पुढे ती ओढून मुंबईला नेली आणि भंगारात काढली.

एक करा, आजींना विचारा दुसरी आठवते का.

दर्यावर्दी७१
तारखेचं मान्य. आजींबद्दलचंही मागे घेतो.

सड्याची_नात
विचारलं. पहिल्यांदा माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ठार वेडी. मग म्हणाली, "ती वेगळी गो. ती दुपारची. कणगी (रताळी) उकडत ठेवली होती, धडाधड आवाज झाले, शिंकाळं हललं. सासूबाई म्हणाल्या चूल विझव. मी म्हटलं, मग मी खाऊ काय? सोमवार माझा."

बाबांनी फोनवर १९६१ चं कॅलेंडर काढलं. १८ डिसेंबर, सोमवार.